चोवीसवर कुलूप

आमच्या घरातला एसी सुरू व्हायचा तेव्हा आधी हॉलच्या भिंतीतून 'टक' असा आवाज यायचा. मग क्षणभर काहीच नाही. मग छतात घरघर सुरू व्हायची आणि थंड हवेनं पडद्याची कड हलायला लागायची. घर पुरेसं गार झालं की पुन्हा टक, आणि घरघर बंद. लहानपणाबद्दल लिहिताना लोक कोंबड्याचं आरवणं लिहितात, देवळातली घंटा लिहितात. माझ्या वाट्याला हा टक आला. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूम आणि एक हॉल अशा फ्लॅटमध्ये मी वाढले. वर्षातले सात-आठ महिने तिथे खिडकी उघडायची सोय नव्हती. उरलेल्या महिन्यांत उघडली की वाऱ्याबरोबर लांबच्या सांडपाण्याच्या केंद्राचा वास आत यायचा, म्हणून तेव्हाही बंदच. म्हणजे आमच्या घरचे ऋतू बाहेर ठरत नसत. ते हॉलच्या पूर्वेकडच्या भिंतीवर, एका पिवळट पडलेल्या गोल खटक्यावर, म्हणजे एसीच्या थर्मोस्टॅटवर ठरत, आणि तो खटका बाबांच्या ताब्यात होता.

बाबा एसीची कामं घेणाऱ्या एका कंत्राटी कंपनीत इंजिनिअर होते. कुठल्या टॉवरला किती टनांचं यंत्र लागेल, कुठून डक्ट न्यायचा, याचे हिशेब करण्यात त्यांचा दिवस जायचा, आणि घरी आले की तेच ज्ञान आमच्यावर. त्यांचा आवडता आकडा चोवीस. "चोवीस म्हणजे चोवीस. तेवीस नाही, बावीस तर मुळीच नाही. लोक अठरावर लावतात आणि वर ब्लँकेट ओढून झोपतात, मूर्ख लेकाचे." पाहुणे आले की चहाबरोबर हे व्याख्यान ठरलेलं. एक डिग्री खाली आणली की बिल कसं फुगतं ते आधी दिरहममध्ये, मग रुपयांत सांगायचं, म्हणजे नुकत्याच भारतातून आलेल्या माणसाच्या हातातला कप थबकायचा. इथे एक गोष्ट कबूल करते. चोवीसच्या बाबतीत बाबांचं बरोबर होतं. आज माझ्या घरीही मी पंचवीसवर ठेवते आणि पंखा लावते. माझा राग चोवीसवर नाही. माझा राग कशावर आहे ते सांगायला तर ही पानं लिहायला घेतली.

त्याच पूर्वेच्या भिंतीला आईचं देवघर होतं. ड्रॅगन मार्टमधून आणलेलं बुटांचं कपाट, त्याला पांढरा सनमायका चिकटवलेला, आणि त्यावर सागवानी देव्हारा. देवांना दुसरी कुठली भिंत आईला चालत नव्हती, आणि बिल्डरनं एसीचा खटकाही नेमका त्याच भिंतीवर बसवलेला. त्यामुळे देव खाली, खटका वर. खटक्याला हात लावायचा तर देवांवरून वाकावं लागे. आई एका क्लिनिकच्या बिलिंग काउंटरवर काम करायची. सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर ती निरांजन लावायची, उदबत्ती फिरवायची, आणि मग कुकर. त्या घरात तुपाच्या वातीचा, उदबत्तीचा आणि फोडणीचा वास एकमेकांत मिसळून कायम हॉलमध्ये रेंगाळलेला असे, कारण त्याला बाहेर जायला वाटच नव्हती.

सुवर्णाताई आमच्याकडे आली तेव्हा मी दहावीत होते. ती खेडकडची, शारजाच्या औद्योगिक भागात एका कार्गो कंपनीच्या ऑफिसात कामाला. माझ्या खोलीत दुसरी कॉट टाकून तिला पेइंग गेस्ट म्हणून ठेवलं. तिला ठेवताना आईनं नोकरी विचारली, गाव विचारलं, आणि मग "पूर्ण नाव काय म्हणालीस?" असं पुन्हा एकदा विचारलं. आडनाव ऐकल्यावर आई थोडी थांबली, हे मी पाहिलं. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं. दुबईत वाढलेल्या मुलीला आडनावातून काय ऐकायचं असतं ते कोण शिकवणार? आईनं होकार दिला, पण सामान लावून होताच सुवर्णाताईला हसत हसत सांगितलं, "बाकी घर तुझंच समज हं. फक्त देवघराकडे जरा लांबूनच. आमच्याकडे सोवळ्याओवळ्याचं थोडं असतं." सुवर्णाताईनं मान हलवली. तिला हे नवीन नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं.

मला ती फार आवडायची. दुबईत वाढणाऱ्या आम्हा मुलांना सवय अशी की आई-बाबांनी मराठीत विचारायचं आणि आम्ही इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. सुवर्णाताईला ते चालायचं नाही. "मला इंग्लिश येतं, पण तुझं इंग्लिश मी का ऐकू? ऑफिसात दिवसभर तेच. घरी आल्यावर जरा बोल की नीट." असं म्हणून ती माझ्याकडून वाक्य पुन्हा म्हणून घ्यायची. मी चुकले की ती पोट धरून हसायची, पण दुसऱ्या कुणाला सांगायची नाही. ती कुळथाचं पिठलं करायची, त्यात वरून कच्चं तेल घालून मला भाताबरोबर खायला लावायची. ऑफिसला जाताना डोळ्यांत काजळ घालायची, मलाही शिकवलं. बाबांना ते आवडलं नाही, म्हणून मी शाळेच्या बसमध्ये घालायची आणि उतरण्याआधी पुसायची. आज मी हे मराठीत लिहितेय, आणि वाचणाऱ्याला ते मराठी वाटत असेल, तर त्याचं श्रेय कुठल्याही शाळेला नाही.

त्या उन्हाळ्यात विजेचं बिल फार आलं. बाबांनी ते आम्हाला वाचून दाखवलं, मग पुन्हा वाचून दाखवलं, आणि जाहीर केलं की कुणीतरी खटक्याशी खेळतंय. पुढच्या सुट्टीला ते एक दुधी प्लास्टिकचा डबा घेऊन आले. ऑफिसांमध्ये असतो तसा, वरून बंद, हवा जायला तळाला फटी, आणि पुढच्या झाकणाला एक इवलंसं कुलूप. ड्रिल आणून त्यांनी भिंतीत चार भोकं पाडली, खटका चोवीसवर ठेवला, त्यावर डबा बसवला आणि चावी आपल्या जुडग्यात अडकवली. "आता बघतो कोण हात लावतं ते!" आई म्हणाली, "अहो, देवांच्या डोक्यावर कुलूप काय बरं दिसतं?" तेवढीच तिची हरकत.

आणि झालं उलटंच. डबा लागला आणि घर जास्तच गार पडायला लागलं. आधी थोडंसंच. मग नवरात्र आलं. आईचा घट, आणि नऊ दिवस अखंड दिवा. एरवीचं निरांजन तासाभरात विझायचं. हा दिवा अहोरात्र जळायचा. एसीच्या झोतानं विझू नये म्हणून आईनं त्यावर काचेचं उंच नळकांडं ठेवलं होतं. आम्ही सगळे घराबाहेर, त्यामुळे दिव्याची काळजी तिला दिवसभर लागलेली. सुवर्णाताईची ड्यूटी पहाटे सुरू व्हायची, म्हणून कारलिफ्टनं, म्हणजे महिन्याच्या पैशांवर ठरवलेल्या गाडीनं, ती आम्हा सगळ्यांच्या आधी घरी पोचायची. तेव्हा आईनं तिलाच काम लावलं. "आलीस की लांबूनच बघ आणि मला मेसेज टाक." त्याप्रमाणे रोज दुपारी सुवर्णाताई हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून दिव्याकडे बघायची आणि लिहायची, 'काकू, दिवा चालू आहे.' राखण करायला ती चालत होती. जवळ जायला नव्हती.

त्या नऊ दिवसांतली थंडी मी विसरणार नाही. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर चटका, आणि घरात खोबरेल तेल बाटलीत गोठलेलं. दही लागेना. उपासाच्या साबुदाण्यातलं तूप ताटलीतच थिजायचं, ते जिभेवर मेणासारखं लागायचं. आई नाइटीवर स्वेटर आणि पायात मोजे घालून राजगिऱ्याचे लाडू वळत होती. टक वाजला की आम्ही वाट बघायचो की आता दुसरा टक कधी वाजतो, आता कधी बंद होतो, तर तो वाजायचाच नाही. बाबा किल्ली लावून डबा उघडायचे, बघायचे, खटका चोवीसवरच. ते वैतागून दुसऱ्याच निष्कर्षावर आले. आपण नसताना कुणीतरी कुलूप उघडून खटका अठरावर नेतं आणि आपण यायच्या आधी परत चोवीसवर आणतं. आपण नसताना घरात कोण असतं? त्यांनी बघितलं की सुवर्णाताईला खोकला झालाय? बघितलं की ती माझी जुनी शाल डोक्यावरून घेऊन बसते? खोकला सगळ्या घरानं ऐकला. कुणाच्या डोक्यात शिरला नाही.

अष्टमीच्या संध्याकाळी आरती झाली. सुवर्णाताई नेहमीप्रमाणे खोलीच्या दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. आई प्रसादाची वाटी घेऊन वळली, तेवढ्यात बाबा पुढे होऊन डब्यापाशी वाकले. त्यांनी डब्याच्या तळाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि आमच्यापुढे धरलं. बोट काळं झालं होतं.

"सुवर्णा, जरा इकडे ये."

ती दोन पावलं पुढे आली. "काय काका?"

"हा डबा कोण उघडतं?"

"तुम्हीच ना. चावी तुमच्याकडे असते."

"ओव्हरस्मार्टपणा नको. हे काय आहे बघ. काजळ आहे हे. या घरात काजळ कोण घालतं? हेअरपिननं कुलूप उघडायचं, खटका खाली आणायचा, आणि आम्ही यायच्या आत जागच्या जागी. उन्हातून येतेस, गार हवं वाटतं, आय अंडरस्टँड. पण चोरून? बिल कोण भरतं?"

"काका, मलाच सहन होत नाहीये थंडी. खोकतेय मी आठवडाभर."

"बट बाबा," मी मध्ये पडले, "शी इज ऑल्वेज विथ मी. शी नेव्हर टच्ड इट."

"यू कीप क्वाएट. तुला काय कळतंय? तू स्कूलला असतेस."

तेव्हा सुवर्णाताईनं आईकडे बघितलं. तिचा आवाज वर गेला नाही. "काकू, तुम्हीच सांगा काकांना. त्या भिंतीपाशी मी जात नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. त्या डब्याला हात लावायचा तर मला देवांवरून वाकायला लागेल. इतक्या दिवसांत मी नमस्कारसुद्धा लांबूनच केलाय."

आईनं फक्त एवढंच म्हणायचं होतं की हो, ती तिकडे जात नाही. पाच शब्द. ते खरं होतं आणि आईला ते बाबांपेक्षा जास्त ठाऊक होतं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, का जात नाही? आणि त्याचं उत्तर दुबईत, एमिरेट्स आयडी खिशात घालून, शिकल्यासवरल्या माणसांनी मोठ्यानं द्यायचं कसं? म्हणून आई भडकली. "म्हणजे आम्ही शिवाशिव पाळतो असं म्हणायचंय का तुला? घरात ठेवून घेतलं, एका टेबलावर जेवायला बसवलं, आणि वर हे ऐकायचं?"

बसवलं! तो शब्द आजही माझ्या कानात टोचतो. जेवायला बसवलं. जसं काही ती खोलीचं भाडं देत नव्हती आणि आम्ही तिला कुठून उचलून आणलं होतं.

"खलास," बाबा म्हणाले. "दसऱ्यापर्यंत दुसरीकडे बघ."

सुवर्णाताईनं वाद घातला नाही. खोलीत आली, कॉटखालची बॅग काढली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मी रडत होते, इंग्लिशमध्ये काय काय बडबडत होते. ती एवढंच म्हणाली, "मराठीत रड की." आणि मग तीही रडली. दसऱ्याच्या सकाळी तिची कारलिफ्टवाली गाडी खाली आली. आईनं बर दुबई भागातल्या बाजारातून आपट्याची पानं आणली होती. त्यातलं एक पान मी तिच्या हातात दिलं, तिनं ते पर्समध्ये ठेवलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. श्रीखंड करत होती म्हणे. दही विकतचं होतं.

त्याच दिवशी घट उठले, अखंड दिवा शांत झाला, आणि घरातली थंडी गेली. संध्याकाळी टक वाजला, थोड्या वेळानं दुसरा टक वाजला, एसी गुपचूप बंद झाला. बाबांनी विजयी मुद्रेनं आमच्याकडे बघितलं. "बघितलंस? गेली आणि प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड." पुढचे काही दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला ते हेच सांगत होते. आणि आईनं त्याहून वाईट केलं. आमच्या भागातल्या मराठी बायकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. कुणाकडे खोली आहे, कुणाला कामवाली हवी, गावाकडून कोण येतंय, सगळं त्यावर. आईनं तिथे नाव घालून लिहिलं की पेइंग गेस्ट ठेवताना सांभाळून, आम्हाला असा अनुभव आला, कुलूपसुद्धा उघडते. खाली जोडलेले हात आणि डोळे वटारलेले चेहरे भराभर आले. त्यानंतर सुवर्णाताईला एकाही मराठी घरात खोली मिळाली नाही. ती शारजात एका बेडस्पेसमध्ये गेली. एका खोलीत दुमजली कॉट आणि पडदे लावून किती बायका राहत होत्या ते तिनं मला कधी सांगितलं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत देवघराची भिंत माझ्याकडे आली. बाबांनी चावी काढून दिली, "डबाही पुसून घे." मी झाकण उघडलं आणि ओलं फडकं आत घातलं, आणि थांबले. डबा आतून काळा होता. तळाच्या फटींपासून वर छतापर्यंत काजळीचा एक पट्टा चढलेला, खाली बारीक, वर पसरट. बाहेरून कुणी बोट लावून असा पट्टा उठत नाही. मी खाली बघितलं. बरोबर त्या पट्ट्याच्या खाली, पांढऱ्या सनमायकावर, अखंड दिव्याच्या तेलाचा गोल डाग होता.

मी फडकं टाकलं. अखंड दिवा माळ्यावरून काढला, तेल घातलं, वात लावली, वर नळकांडं ठेवलं आणि तो त्या डागावर नेऊन ठेवला. डब्याचं झाकण लावून घेतलं. एसी तेव्हा बंद होता, घर चांगलं गार होतं. मी फटीपाशी हात धरला तर गरम वाफ लागत होती. ती फटीतून आत जात होती आणि वरून बंद असलेल्या डब्यात साठत होती. खटक्याला वाटत होतं, घर तापलंय. टक. छतात घरघर सुरू झाली. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आत्ता कशाला लागला?"

मी दोघांना बोलावलं. दिवा तिथून उचलून टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. थोड्या वेळात टक, एसी बंद. दिवा पुन्हा खाली ठेवला, झाकण लावलं. टक, सुरू. आई चकलीचा सोऱ्या हातात धरून उभी होती. तिची आई पितळी वाटी दिव्यावर पालथी धरून माझ्यासाठी काजळ करायची, ती वाटी अजून आमच्या कपाटात होती. दिव्यावर काही धरलं की काय धरतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. आणि बाबा? ज्यांचं पोट या थंडगरमाच्या विद्येवर चालत होतं, त्यांच्या डोळ्यांसमोर खाली दिवा जळत होता आणि वर काजळी धरली होती, आणि त्यांनी बघितलं कुठे, तर एका मुलीच्या डोळ्यांकडे. देवावर संशय घ्यायचा नव्हता, स्वतःच्या डब्यावर तर नाहीच. मग उरलं कोण?

"हं," बाबा म्हणाले. मग नळकांडं निरखून पाहिलं. "लोकल हीटिंग. इंटरेस्टिंग आहे."

"इंटरेस्टिंग?" मी किंचाळले. "कॉल हर! से सॉरी!"

"यल्ला, आता झालं ते झालं. तिलाही दुसरी जागा मिळालीय. उगीच उकरून काय काढायचं?"

"आणि ग्रुपवर काय लिहू?" आई म्हणाली. "चार बायकांत शोभा माझीच होईल."

दुसऱ्या दिवशी आईनं फराळाचा डबा भरला. चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, अगदी काठोकाठ. "जा, तुझ्या ताईला देऊन ये. काही बोलू नकोस, नुसता दे." फोन नाही, शब्द नाही. चकली!

सुवर्णाताई मला ड्रॅगन मार्टच्या दाराशी भेटली. वाळली होती. आम्ही आत एका बाकावर बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं, दिवा, फटी, काजळी, टक. मराठीत सांगितलं, अडखळत. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "हे काका-काकूंनी सांगायला सांगितलं, की तू सांगतेस?"

"मी."

"ग्रुपवर टाकलंय काही?"

"नाही."

तिनं मान हलवली. "मी आईला गावी अजून सांगितलं नाहीये, खोली का सोडली ते. काय सांगू? एसी चोरला म्हणून?" मग ती हसली, पण ते हसू मला बघवेना. "मला गरीब म्हणा, गावठी म्हणा, चालतं. चोर कसं म्हणाले गं?"

तिनं डबा उघडला, एक चकली मोडून अर्धी मला दिली. "काकूंच्या हाताला चव आहे. खोटं कशाला बोलू?" बाकीचा फराळ तिनं पिशवीत काढून घेतला आणि उठली. समोरच्या सुपरमार्केटमधून साखरेचा पुडा आणला आणि रिकाम्या डब्यात ओतला. "डबा रिकामा देत नाहीत. पण ही साखर तुला आहे. तू आलीस म्हणून. घरी कुणाला वाटायची नाही, आणि देवापुढे तर मुळीच ठेवायची नाही. कळलं?"

घरी आल्यावर आईनं डबा उघडून बघितला आणि तिचा चेहरा उजळला. "बघा हो, साखर पाठवलीय! मनात काही ठेवलं नाही पोरीनं." बाबा पेपरमधून वर बघून म्हणाले, "आय टोल्ड यू." आणि आई चमचाभर साखर वाटीत घेऊन देवघराकडे निघालीसुद्धा. इतकं सोपं होतं त्यांना. मी तिच्या हातातली वाटी ओढून घेतली.

"ती साखर माझी आहे," मी म्हणाले. "तिनं मला दिलीय. तुम्हाला माफ केलेलं नाही. बाबा, तुम्ही तिला चोर म्हणालात. आई, तुला माहीत होतं ती त्या भिंतीला हात लावत नाही, कारण तूच तिला लावू दिला नाहीस. ग्रुपवर लिही. आत्ता लिही."

बाबांच्या हातातला पेपर खाली आला. मी त्यांना मराठीत उत्तर दिल्याचं ते पहिल्यांदाच ऐकत होते. इंग्लिशमध्ये कितीही ओरडलं तरी ते टीव्हीसारखं त्यांच्या कानांवरून जायचं. हे गेलं नाही. मग बाबा उठले, स्क्रू ड्रायव्हर आणला, भिंतीवरचा डबा काढला आणि खाली कचऱ्यात टाकून आले. आईनं दिवा दुसऱ्या भिंतीकडे हलवला. मला वाटलं आता फोनही लावतील. त्यांनी टीव्ही लावला.

ग्रुपवर आईनं कधीच काही लिहिलं नाही. मीच तिच्या फोनवरून लिहायला गेले तर तिनं फोनला पासवर्ड घातला. सुवर्णाताईनं पुढे अबुधाबीत नोकरी धरली, मग लग्न होऊन गावी गेली. आम्ही अजून बोलतो. बाबा आता नाहीत. आई माझ्याकडे असते आणि कधी हा विषय निघाला की म्हणते, किती वर्षं तेच उगाळणार आहेस? उगाळणार. कारण त्या घरात एक वाक्य बोलायचं राहून गेलं, आणि न बोलणारे दोघंही स्वतःला भली माणसं समजत राहिले.

मी बारावी झाल्यावर आम्ही तो फ्लॅट सोडला. सोडताना भिंती जशा होत्या तशा करून द्याव्या लागतात. बाबांनी सगळी सकाळ त्या पूर्वेच्या भिंतीपुढे घालवली. चारही भोकं पुट्टीनं बुजवली, घासली, वर रंगाचा हात दिला, वाळल्यावर पुन्हा घासली. काजळीचा पुसट डाग होता, तोही घालवला. इतक्या हळुवारपणे काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुपारी बिल्डिंगचा वॉचमन चाव्या घ्यायला आला. त्यानं सगळ्या खोल्या बघितल्या, शेवटी त्या भिंतीवरून तळहात फिरवला आणि बाबांकडे बघून खूश होऊन म्हणाला, "वाह साब, इधर तो जैसे कुछ था ही नहीं."

बाबा हसले.

"था," मी म्हणाले.